घोड्याची गाडी, बैलाची गाडी

वैशाख लागला की आमच्याकडे कॅलेंडर बघावं लागत नाही. दुपार कलली की बदलापूरच्या शिरगावात कुणीतरी ट्रकवरून डीजेचे खोके उतरवतो, माइकमध्ये ‘हॅलो, चेक, हॅलो’ करतो, आणि माझ्या कपाटातले काचेचे ग्लास किणकिणायला लागतात. म्हणजे आज हळद आहे. मंडपवाल्याचे बांबू अर्धा रस्ता खातात, पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बायका उड्डाणपुलाच्या तोंडाशी बसतात, आणि वारा पडला की अंबरनाथच्या कारखान्यांचा आंबूस वास पार आमच्या गच्चीवरच्या पापडांपर्यंत येतो. लग्नसराई आली. माझा धंदाही याच दिवसांत भरात असतो. परीक्षा उरकलेली कॉलेजची मुलं, नोकरीतून सुट्टी काढलेल्या बायका, सगळ्यांना मे महिन्यातच गाडी शिकायची असते. मी मोटर ट्रेनिंग स्कूल चालवते. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंना ब्रेक आहे आणि दिवसातला बराच वेळ मी माझ्या बाजूचा दाबत असते.

गेल्या आठवड्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई शिकायला आल्या होत्या. गाडी रस्त्याच्या मधोमध, समोरून रिक्षा आडवी येतेय, आणि बाई मला विचारतात, ‘मॅडम, तुम्ही त्या दोन्ही चालवल्यात ना? इटलीच्या? खरं सांगा, कुठली भारी?’ मी ब्रेक दाबला आणि म्हटलं, ‘आधी क्लच सोडायला शिका.’ बाई हिरमुसल्या. पण त्यांचाही काय दोष? हा प्रश्न मला बदलापुरात जितक्या लोकांनी विचारलाय, तितक्या लोकांनी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी तब्येतही विचारली नव्हती. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

कंपन्यांची नावं घेत नाही. नावं घेतली की आमच्याकडची माणसं एकदम ताठ बसतात आणि ते मला बघवत नाही. एकीच्या नाकावर घोडा आहे, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला. दुसरीच्या नाकावर बैल आहे, शिंगं खाली घालून अंगावर येणारा. दोन्ही इटलीच्या, दोन्ही एकमेकींच्या जन्माच्या वैरिणी, आणि दोन्हींत माणसं मावतात दोन. घोड्याची गाडी माझ्या थोरल्या भावाची, बबनदादाची. बैलाची गाडी धाकट्याची, दिनेशची. मी मधली.

आमच्या वडलांकडे खरी बैलजोडी होती. उन्हाळ्यात उल्हास नदीवर ती धुवायला न्यायची म्हणजे हे दोघे भाऊ एकेक कासरा धरून चालायचे आणि मी मागून काठी घेऊन. पाण्यात बैल बसला की उठायचा नाही, मग दोघं मिळून त्याच्या कानात पाणी घालायचे. हे शेत होतं तेव्हाचं. खरवईचं शेत बिल्डरला गेलं. तिथे आता इमारती आहेत आणि प्रत्येकीच्या नावात कुठे ना कुठे ‘व्हॅली’ आहे. डोंगर खणून सपाट केल्यावर व्हॅली कुठून आली हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

शेत विकताना रस्त्याकडची बाजू कुणाची आणि मागची कुणाची, यावरून दोघांचं बिनसलं. बोलणं बंद झालं. एकाच रस्त्यावर घरं, पण एकमेकांच्या दारावरून जाताना दोघं माना अशा फिरवायचे की मणक्याचा डॉक्टर धन्य व्हावा. अशा माणसांना आमच्याकडे गुंठामंत्री म्हणतात. गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकायची आणि मंत्र्यासारखं फिरायचं. आधी गळ्यात साखळ्या आल्या, मग पांढरे बूट आले, मग वाढदिवसाचे फलक आले, ज्यात माझे भाऊ कानाला फोन लावून लांब कुठेतरी बघत असतात. त्या फोनवर पलीकडे कोण असतं हे मी एकदा विचारलं होतं. दादाला राग आला.

मग दादानं ती लाल घोड्याची गाडी आणली. मुंबईतल्या कुणा हौशी माणसानं वापरून सोडून दिलेली. दिनेशला ते कळलं, आणि महिना उलटायच्या आत त्याच्या दारात हिरवीगार बैलाची गाडी येऊन उभी. तीही वापरलेलीच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. आमच्याकडे व्याह्याचीही वाट बघायला कुणी तयार नव्हतं.

त्याच वैशाखात माझ्या लेकीचं, प्राजूचं लग्न होतं.

आमच्यात मामाचा मान मोठा. मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर मामानं आणायचं, आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी मामानं उभं राहायचं. आईनं मात्र तिथे थांबायचं नाही. तिनं तुळशीपाशी जाऊन पाणी घालत बसायचं, लेकीवर अक्षता पडताना बघायचं नाही. माझ्या आईनं माझ्या लग्नात हेच केलं. मला तिचं काही दिसत नव्हतं, पण पाठीशी माझा मामा उभा होता, त्याच्या अंगाला विडीचा वास येत होता, आणि त्या वासावरून तो तिथेच आहे हे मला मागे न बघता कळत होतं. माझ्या मुलीसाठी मला तेवढंच हवं होतं. हॉल, जेवण, मानपान आम्ही नवराबायको बघून घेत होतो. फक्त अक्षता पडताना तिच्या पाठीशी माझे दोन्ही भाऊ असावेत. शेजारी शेजारी. एकमेकांशी बोलले नसते तरी मला चाललं असतं.

आमंत्रण द्यायला गेले तर दोघांनाही वेगळंच पडलं होतं. दादा म्हणाला, ‘नंदे, पोर माझे गारीतून जाईल हॉलवर. थोरला मामा मी हाय ना गो?’ त्याच रस्त्यावर चार घरं पुढे दिनेश म्हणाला, ‘ताई, प्राजूला मीच नेणार. फायनल. पूरा बदलापूर बघत राहील.’ मी दोघांना एकच अट घातली. गाडीचं पुढे बघू, पण मंगलाष्टकांना दोघांनी पाठीशी उभं राहायचं. दोघंही म्हणाले, ‘राहीन ना, त्यात काय?’ त्या ‘त्यात काय’वर मी विश्वास ठेवला.

प्राजू माझ्याहून शहाणी. ती म्हणाली, ‘आई, तू ड्रायव्हिंग शिकवतेस ना? दोन्ही चालवून बघ. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून ज्यात बसता येईल ती सांग. बाकी मला घेणंदेणं नाही.’ अशा रीतीनं माझ्यावर ती ऐतिहासिक कामगिरी येऊन पडली.

पहिल्यांदा घोडा. सकाळच्या उन्हात दादा जांभूळच्या रस्त्यावर गाडी घेऊन आला. तिथे पाण्याच्या मोठ्या पाइपांच्या कडेनं रस्ता बराच सरळ जातो. आधी तो चालवत होता आणि मी शेजारी. शेजारी बसले की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. तिथे नुसता गालिचा होता. मी तो सगळा वेळ दाबत होते. दादा गाडी चालवत नव्हताच, तो ती मिरवत होता. करवंदवाल्या बाईसमोर हळू, चहाच्या टपरीसमोर हळू, सलूनसमोर तर थांबलाच. आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा घाबरून आणखी हळू.

मग मी चालवायला बसले. बसले कसली, उतरले. ती सीट जमिनीपासून वीतभर उंच. आधी कंबर टेकवायची, मग पाय उचलून आत घ्यायचे, मग डोकं. त्या सीटवर दादानं उल्हासनगरातून मरून रंगाच्या वेलवेटचं कव्हर शिवून घेतलं होतं. शिवणारा लछूभाई आमच्या ओळखीचा, माझ्या स्कूलच्या गाडीची कव्हरंही तोच शिवतो. तो मला नंतर म्हणाला, ‘दीदी, मैंने बोला साईं, ये इटली का चमड़ा है, इसको क्यों ढकता है? बोलता है खराब हो जाएगा. तो फिर लिया काहे को?’ मी म्हटलं, लछूभाई, हा प्रश्न तुम्ही नका विचारू, तुमचं गिऱ्हाईक जाईल.

क्लच नाही. गिअरचा दांडा नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पाकळ्या, उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. म्हणजे मी बायकांना जे हाफ क्लच जीव तोडून शिकवते, घाटात गाडी मागे न जाऊ देण्याची जी विद्या आहे, ती इथे बाद. इंडिकेटरची काडीसुद्धा नाही. स्टिअरिंगवर अंगठ्यानं दाबायची बटणं. वळणावर स्टिअरिंग फिरलं की बटणंही फिरतात, आणि डावं कुठलं नि उजवं कुठलं हे शोधेपर्यंत वळण संपलेलं असतं. ज्यानं हे केलं त्याच्या देशात वळणं नसावीत, किंवा मागून येणाऱ्यांना काही सांगायची पद्धत नसावी.

पण खोटं कशाला बोलू. पाण्याच्या टाक्या मागे पडल्यावर पुढे कुणी नव्हतं. मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. आधी क्षणभर काहीच झालं नाही, मग पाठीत दोन्ही हात लावून कुणी ढकलावं तसं झालं, आणि रस्त्याकडेच्या पाइपांचे जोड एकमेकांत मिसळून गेले. स्टिअरिंग इतकं हलकं की वळावं असं मनात यायच्या आधी नाक वळलेलं असतं. ब्रेक लावला तर गाडी जागच्या जागी बसली, रेषा न सोडता. मला आनंद झाला. माझं वय, माझा गुडघा, शेजारी ‘नंदे हलू, नंदे हलू’ करणारा माझा भाऊ, हे सगळं असूनही झाला. पुढच्या गतिरोधकापर्यंत तो टिकला.

गतिरोधक आला की या गाडीला नाक वर करायचं बटण दाबावं लागतं. मग ती विचार केल्यासारखी थांबते, आतून कण्हते, आणि बोटभर, दोन बोटं नाक उचलते. तोवर मागे रिक्षावाले भोंगे वाजवून तुमच्या सात पिढ्या जाग्या करतात. आणि आमचे गतिरोधक काही सरकारी मापाचे नसतात. ज्याच्या दारासमोर अपघात झाला त्यानं स्वतः घमेल्यानं घातलेले असतात. तिथे ते दोन बोटांचं नाक काय पुरणार? म्हणून दादाची दोन माणसं मोटरसायकलवर पुढे फळ्या घेऊन चालायची. गतिरोधक आला की उतरून फळ्या टाकायच्या, गाडी गेली की उचलायच्या. इटलीतला तो घोडा आमच्या जांभूळच्या रस्त्यावर सुताराच्या फळीवरून चालत होता, आणि फळ्या उचलणारे त्याच्या पुढे निघून जात होते.

दोन दिवसांनी बैल. या गाडीचं सगळंच नाटकी. चालू करायच्या बटणावर लाल झाकण. झाकण उघडा, मग बटण दाबा, जसं काही आपण शत्रूवर काही टाकायला निघालोय. आत जिथे बघाल तिथे कोपरे. घड्याळ कोपऱ्यांचं, हवेची जाळी कोपऱ्यांची, दाराची कडी कोपऱ्यांची. दिनेशला मात्र या गाडीचं एक मोठं दुःख आहे. तिची दारं वर उघडत नाहीत. ज्यांची वर उघडतात त्या आणखी वरच्या गाड्या. ही आपली साधी बाजूला उघडते, आमच्या कपाटासारखी. लोक येतात, दार उघडायची वाट बघतात, आणि ते बाजूला उघडल्यावर त्यांची जी निराशा होते ती त्याला सहन होत नाही.

‘ताई, तो घोडा शो-पीस आहे,’ तो मला म्हणाला. ‘ही बघ, असली चीज. रोडला चिपकून चालते.’ चालते खरी. घोड्यासारखा क्षणभराचा विचारही करत नाही. पाय लावला की त्याच क्षणी ओढ, आणि मागून डरकाळी, जी जसजशी वर चढते तसतशी बारीक आणि जास्त चिडकी होत जाते. चारही चाकं जमीन धरून ठेवतात. वळणात मुद्दाम चूक केली, माझी विद्यार्थिनी करते तशी, मध्येच पाय काढला. गाडी हलली नाही, तशीच गेली. स्टिअरिंग जड, त्याला काम सांगावं लागतं. सीट म्हणजे पाट. रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या कण्यापर्यंत येऊन आपलं नाव सांगून जातो, आणि काँक्रीटचा रस्ता संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी तर दातांत जाणवते. आरशात बघितलं तर मागचं काहीच दिसेना. मी म्हटलं, ‘अरे, मागे कोण आहे ते कळत नाही यात.’ दिनेश हसला. ‘मागे कोण असणार, ताई?’

तर विचारणाऱ्यांनो, हे घ्या उत्तर. घोडा चालवणाऱ्याला हुशार असल्याचा भास देतो, बैल शूर असल्याचा. हात चांगला असेल तर घोड्यात मजा जास्त, हात वाईट असेल तर बैलात जीव वाचायची शक्यता जास्त. आणि अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर दोन्ही भास तिसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत. पुढे पाण्याचा टँकर असतो. त्याच्या मागे तुमचा घोडा, तुमचा बैल आणि माझी लाल ‘एल’ लावलेली खटारा गाडी, तिघी एकाच चालीनं चालतात. मात्र टँकरचं पाणी उडतं ते फक्त माझ्या काचेवर, कारण त्या दोघी इतक्या ठेंगण्या की त्यांच्या छपरावरून निघून जातं.

आता त्या दोन्ही गाड्या कुठे आहेत, असंही लोक विचारतात. आहेत, आपापल्या पत्र्याच्या शेडमध्ये, चंदेरी आवरणाखाली. गेल्या पावसाळ्यात घोड्याच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. बैलाची बॅटरी दर महिन्याला उतरते आणि दिनेश ती चार्जरला लावून शेजारी खुर्ची टाकून बसतो. दोघं आता बोलतात म्हणे, पण एकाच विषयावर आणि तेही मेकॅनिकमार्फत. त्याची चालू झाली का? नाही ना? मग ठीक आहे.

पण मी त्या वैशाखाचं सांगत होते. मी निकाल दिला घोड्याच्या बाजूनं. कारण तंत्राचं नव्हतं. त्याचं दार जरा रुंद होतं आणि प्राजूचा अंबाडा छताला कमी घासत होता. हॉलवर दादानं न्यायचं, पाठवणीला दिनेशनं. दिनेश दोन दिवस फुगला, मग हळदीच्या दिवशी त्यानं आपली गाडी मंडपाच्या अगदी तोंडाशी आणून लावली. दादानं आपली तिच्या समोर. बायका गात होत्या, पोरी नाचत होत्या, जो दिसेल त्याच्या तोंडाला हळद फासली जात होती. माझे भाऊ मात्र नाचले नाहीत. दोघं आपापल्या गाडीशी पिवळं फडकं घेऊन उभे, कुणी हळदीचा हात लावू नये म्हणून. हळदीला मामा नाचला नाही, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी दोघांनाही ओढायला गेले. दोघांनीही माझ्या हाताकडे आधी बघितलं.

लग्नाच्या सकाळी उल्हासनगरहून फुलवाला आला. त्याला लग्नाची गाडी सजवायची सवय, आणि त्याच्या लेखी सगळ्या गाड्या सारख्या. त्यानं घोड्याची पाठ जाळी ताणून झेंडू आणि शेवंतीनं गच्च भरून टाकली, चिकटपट्ट्या लावून, एक भोक उघडं न ठेवता. मी म्हटलं, ‘दादा, या गाडीचं इंजिन मागे आहे. ती भोकं शोभेची नाहीत, हवेसाठी आहेत.’ दादानं लांब जाऊन गाडीकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, ‘कवरी भारी दिसते बघ. आनि जवलच तर जायचा हाय, गो.’ दिनेशनं आपल्या गाडीला एक फूलही लावलं नव्हतं, पण शहाणपणानं नव्हे. हिरवा रंग झाकला गेला असता.

निघालो. पुढे फळ्यांची मोटरसायकल, मग दादा आणि प्राजू, मग माझ्या गाडीत मी, सुटकेस, रुखवताचे डबे आणि तांब्याभांडी, माझ्या मागे दिनेश, भोंगा वाजवत. माझे यजमान पाहुण्यांबरोबर आधीच हॉलवर गेले होते. मुहूर्त दुपारचा. अंबरनाथला आलो तर तीन वराती एकमेकींत अडकलेल्या. बँजोवाले तिथल्या तिथे उभे राहून वाजवत होते आणि कुठलीच गाडी हलत नव्हती. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. थोड्या वेळानं मला उकडलेल्या झेंडूचा वास आला. वरणाच्या कुकरला शिट्टी यायच्या आधी येते तशी वाफ फुलांतून निघाली. मग घोड्यानं आत काहीतरी टणटण केलं आणि तो बंद पडला.

प्राजूला बाहेर काढलं. तिच्या कपाळावर मुंडावळ्या घामानं चिकटल्या होत्या. मी म्हटलं, चल माझ्या गाडीत, डबे मागे सारते. तेवढ्यात दिनेश बाजूनं गाडी काढून पुढे आला, काच खाली केली, आणि बंद पडलेल्या गाडीकडे बघून हसला. थोरल्या भावाशी त्या सबंध लग्नात त्यानं केलेला हा एकच व्यवहार. ‘प्राजू, बस,’ म्हणाला. मुहूर्त जवळ आलेला, बैलाला मागे घ्यायला जागा नाही, पुढे मात्र फट होती. प्राजू बसली. मामाच होता तोही, मला त्यात वाईट वाटायचं कारण नव्हतं.

मी दादापाशी गेले. तो दोन्ही हातांनी उकळती फुलं ओरबाडत होता. म्हटलं, ‘दादा, चल, माझ्या गाडीत बस. आपण पोचतो वेळेवर.’

‘तू जा फुरं. गारी टाकून कसा येव मी? पोरां हात लावतील, रंगावर वरखरे परतील.’

‘अरे, तुझी माणसं आहेत की इथे. तुला प्राजूच्या पाठीशी उभं राहायचंय.’

दादा थांबला. त्याला ते आठवलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग त्यानं गाडीच्या तापलेल्या पाठीवर आपला नवा फेटा काढून टाकला, जसं आम्ही धापा टाकणाऱ्या जनावरावर ओलं पोतं टाकायचो, आणि म्हणाला, ‘दिन्या हाय ना. तो उभा राहील. त्याचा पन मान हाय.’ इतक्या वर्षांत धाकट्याचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. मला संताप आला. तिथेच रडूही आलं, पण समोर मोबाइल धरलेली माणसं होती, म्हणून मी गाडीत जाऊन बसले.

हॉलवर पोचले तर प्राजू आत, खोलीत, मैत्रिणींच्या घोळक्यात. दिनेशनं तिला दारात उतरवलं होतं आणि ‘गाडी लावून आलोच’ म्हणून गेला होता. गुरुजी घाई करत होते. मी मागच्या मैदानात गेले. तिथे अख्खी वरात बैलाभोवती जमली होती. पोरं बोनेटवर हात ठेवून फोटो काढत होती आणि दिनेश एकाला ढकलत होता, दुसऱ्यासाठी लाल झाकण उघडून डरकाळी ऐकवत होता, तिसऱ्याला दार वर का उघडत नाही ते समजावत होता.

‘दिनेश, चल. मामाला बोलावतायत.’

‘ताई, दोन मिनिटं. बघ ना पब्लिक. असं सोडून आलो तर वर चढतील साले.’

‘लॉक कर आणि चल.’

‘अगं, लॉक करून काय होतं? आरसा तुटला तर इथे मिळतो का तो?’ मग एकदम समजूतदार चेहरा करून म्हणाला, ‘दादा आहे ना. त्याला उभा कर. थोरला आहे तो, त्याचा मान पहिला.’

शेताच्या बांधावरून ज्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघणं सोडलं, त्या माझ्या दोन भावांनी त्या दुपारी भाचीचा मान एकमेकांना मोठ्या मनानं देऊन टाकला. दादा येणार नाहीये, हे मी दिनेशला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कदाचित तो आलाही असता. पण दादा नाही म्हणून आलेला मामा मला माझ्या लेकीच्या पाठीशी नको होता. मी परत फिरले, मागून पुन्हा डरकाळी आली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तुळशीचं वृंदावन हॉलच्या मागच्या दाराशी होतं. बायकांनी माझ्या हातात तांब्या दिला, म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही इथेच थांबा आता.’ मी प्राजूच्या खोलीत गेले, म्हटलं, मामा बोहल्यापाशीच उभे आहेत, चल, मी सोडते. मी तिचा हात धरला. बोहल्यापर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही. पाटावर उभी राहिली, अंतरपाट धरला गेला. मागे वळायचं नाही, अंतरपाटाकडे बघायचं, हे तिला सगळ्यांनी बजावलेलं होतं. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. तिच्या पाठीमागची जागा मोकळी होती.

मी तांब्या कुणाच्या तरी हातात दिला आणि तिच्या कानाशी वाकले.

‘आई, तू अजून इथेच?’ ती मान न हलवता, ओठांतल्या ओठांत म्हणाली. ‘मामा आहेत ना मागे?’

‘आहेत. दोघंही आहेत.’

तिनं श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. ‘मग तू जा तुळशीपाशी,’ ती म्हणाली.

‘जाते,’ मी म्हटलं. दोन पावलं मागे, तिच्या पाठीशी आले. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांतला हिरवा चुडा कोपराकडे सारून घट्ट बसवला, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक हात ठेवला.